पात्र गातं, गळा कुणाचा? गाण्याच्या श्रेयात नावं कशी लिहावीत

१९४९ साली ‘महल’ आला. त्यातल्या ‘आएगा आनेवाला’ची तबकडी बाजारात आली तेव्हा लेबलवर गायिकेच्या जागी छापलं होतं ‘कामिनी’. या नावाची कुणी गायिका नव्हती. कामिनी हे सिनेमातलं पात्र. पडद्यावर मधुबाला, चाल खेमचंद प्रकाश यांची, आणि आवाज जेमतेम विशीत पोचलेल्या लता मंगेशकरांचा. गाणं रेडिओवर वाजायला लागलं तशी ही गायिका कोण म्हणून श्रोत्यांकडून विचारणा सुरू झाली, आणि रेडिओवाल्यांना रेकॉर्ड कंपनीकडून नाव मागवून घ्यावं लागलं. यात आणखी एक पदर आहे. सिनेमाच्या शेवटाकडे कळतं की कामिनी म्हणून वावरणारी ती मुळात माळ्याची मुलगी, आशा. म्हणजे लेबलवर जे नाव होतं ते पात्राचंही खरं नाव नव्हतं, पात्राने घेतलेलं सोंग होतं.

लतादीदींनी पुढे तबकडीवर गायकाचं नाव छापण्याचा आग्रह धरला आणि हळूहळू ती रीत पडली. तरी मूळ प्रश्न मिटलेला नाही. आज तो कार्टून, अ‍ॅनिमे म्हणजे जपानी कार्टून, बाहुल्या, मुलांच्या ऑडिओ गोष्टी आणि संगणकावर घडवलेले गायक अशा अनेक वाटांनी परत आलाय.

मी ठाण्यात राहते आणि गाण्यांच्या माहितीचं काम करते. कुणाचा जुना तबकड्यांचा संग्रह डिजिटल करायचा असेल, कुणी मुलांसाठी मराठी गाणी काढली असतील, तर प्रत्येक फाइलमध्ये गायक, संगीतकार, गीतकार, वर्ष, लेबल ही माहिती भरून देते. या कामात सगळ्यात जास्त वेळ जातो तो पात्रांच्या गाण्यांवर. म्हणून स्वतःचा संग्रह नीट लावणाऱ्यांसाठी आणि स्वतः अशी गाणी काढणाऱ्यांसाठी माझी पद्धत इथे लिहिते. माझं म्हणणं थोडक्यात असं: पात्राचं नाव पुसू नका, आणि त्या नावाखाली गाणारा माणूस झाकू नका. दोघांना आपापली जागा द्या.

आधी चार रकाने

फाइलला हात लावण्याआधी वहीत चार रकाने आखा. पहिल्यात गोष्टीत गाणारं पात्र. दुसऱ्यात पडद्यावर दिसणारा नट किंवा नटी. कार्टून असेल तर हा रकाना रिकामा राहील, बाहुली असेल तर बाहुली हलवणाऱ्याचं नाव येईल. तिसऱ्यात त्या पात्राचे संवाद कुणी बोललेत. चौथ्यात गाताना गळा कुणाचा.

मराठीतलं सोपं उदाहरण ‘कट्यार काळजात घुसली’. १९६७च्या नाटकात खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांडे करायचे. रंगमंचावर तेच, बोलणार तेच, गाणार तेच. संगीत नाटकात हे असंच असतं, पात्राखेरीज बाकीचे तिन्ही रकाने एकाच नावाने भरतात. आता २०१५चा चित्रपट घ्या. खाँसाहेब पडद्यावर सचिन पिळगावकर, गळा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. सदाशिव पडद्यावर सुबोध भावे, गळा महेश काळे यांचा, आणि त्या गाण्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पंडितजी मात्र शंकर महादेवन यांनी साकारले आणि गायलेही त्यांनीच. एकाच चित्रपटात तीन मुख्य पात्रांचे रकाने वेगवेगळ्या तऱ्हेने भरतात. ज्याने फाइलवर नुसतं ‘खाँसाहेब’ लिहिलं त्याने नाटकातले वसंतराव आणि चित्रपटातले राहुल यांची गल्लत पक्की करून ठेवली.

‘बालगंधर्व’ या २०११च्या चित्रपटात तर पात्राच्या आत पात्र आहे. नारायणराव राजहंस खरे, त्यांनी रंगमंचावर केलेली भामिनी काल्पनिक, पडद्यावर नारायणराव म्हणून सुबोध भावे, आणि गायन आनंद भाटे यांचं. अशा वेळी मी पात्राच्या रकान्यात दोन्ही नावं लिहिते, ‘बालगंधर्व, भामिनीच्या भूमिकेत’. गायकाच्या रकान्यात फक्त आनंद भाटे. बालगंधर्वांच्या स्वतःच्या तबकड्या आजही ऐकायला मिळतात, त्यामुळे इथे गायक म्हणून बालगंधर्वांचं नाव पडलं तर शोधणाऱ्याच्या हाती भलतीच फाइल येते.

बोलणारा वेगळा, गाणारा वेगळा

कार्टूनमध्ये सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात, म्हणून जरा थांबून बघू. डिस्नेचा १९९४चा ‘द लायन किंग’ या कामाचा उत्तम सराव आहे. त्याचा नायक सिंबा हा सिंह आणि त्याची मैत्रीण नाला, दोघंही आधी लहान, मग मोठे दिसतात. मोठ्या सिंबाचे संवाद मॅथ्यू ब्रॉडरिकने बोललेत, गाणं गायलंय जोसेफ विल्यम्सने, तो टोटो या बँडचा गायक होता. छोटा सिंबा बोलताना जोनाथन टेलर थॉमस, गाताना जेसन वीव्हर. मोठी नाला बोलताना मोइरा केली, गाताना सॅली ड्वॉर्स्की. छोटी नाला बोलताना निकेटा कॅलेम, गाताना लॉरा विल्यम्स. दोन पात्रं आणि आठ माणसं.

आता ‘हाकुना मटाटा’ कसं लिहाल? सिंबाचे मित्र टिमॉन आणि पुंबा यांची बाजू सरळ आहे. नेथन लेन आणि अर्नी सबेला बोलतात तेच आणि गातातही तेच. पण गाणं चालू असताना सिंबा मोठा होतो. म्हणून एकाच गाण्यात सिंबासाठी दोन गळे आहेत, सुरुवातीला जेसन वीव्हर आणि शेवटी जोसेफ विल्यम्स. गायकांत चारही नावं जातात. पात्रांत तीनच. ही संख्या जुळत नाही म्हणून घाबरून एखादं नाव गाळू नका, ती जुळायला नकोच.

त्याच चित्रपटातलं ‘बी प्रिपेअर्ड’ आणखी बारकाईने बघण्यासारखं. खलनायक स्कार बोलतो आणि गातो जेरेमी आयर्न्सच्या आवाजात. पण रेकॉर्डिंगला त्याचा आवाज साथ देईना, तेव्हा गाण्याचा शेवटचा भाग जिम कमिंग्जने स्कारच्या ढंगात गाऊन पुरा केला, हे कमिंग्जने स्वतः मुलाखतींत सांगितलंय. अल्बमवर कमिंग्जचं नाव आहेच, कारण एड नावाच्या तरसाचा आवाजही त्याचाच. म्हणजे नाव छापलेलं, पण त्या नावामागचं अर्धं काम न छापलेलं. अशा ठिकाणी मी असं लिहिते:

स्कार: जेरेमी आयर्न्स, शेवटचा भाग जिम कमिंग्ज
एड: जिम कमिंग्ज

ही माहिती टॅगच्या, म्हणजे फाइलमध्येच भरलेल्या गाण्याच्या माहितीच्या, मुख्य ओळीत कोंबायची नाही. मुख्य ओळीत अल्बमवर आहे तशीच नावं. हा तपशील टॅगमधल्या ‘कॉमेंट’ किंवा ‘परफॉर्मर’ (सादर करणारा) या जागी.

‘फ्रोझन’मधलं हिममानव बनवायचं गाणं तीन वयांचं आहे. पाच वर्षांच्या अ‍ॅनासाठी केटी लोपेझ, नऊ वर्षांच्या अ‍ॅनासाठी अगाथा ली मॉन, मोठ्या अ‍ॅनासाठी क्रिस्टन बेल. कित्येकांच्या संग्रहात इथे फक्त क्रिस्टन बेल दिसते, कारण तिचं नाव ओळखीचं. खरं तर गाण्याचा जीव त्या दोन मुलींच्या आवाजात आहे. पात्र एक म्हणून गायिका एक, असं धरून चालू नका. वय बदललं की आवाज तपासा.

आणि भाषा बदलली की सगळेच रकाने नव्याने भरा. ‘फ्रोझन २’च्या हिंदी आवृत्तीत एल्साचे संवाद प्रियांका चोप्राने बोललेत, गाणी सुनिधी चौहानने गायलीत. मूळ इंग्रजी एल्सा बोलते आणि गाते इडिना मेंझेलच्या आवाजात. दोन्ही गाण्यांची चाल एक, पात्र एक, पण रेकॉर्डिंग वेगळं. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरी क्रमांक असतो, डबिंग झालं की तोही नवा. मूळ फाइलची माहिती कॉपी करून फक्त गाण्याचं नाव हिंदीत लिहायचं, ही सवय असेल तर सोडा. डबिंगच्या कलाकारांची नावं नेमकी अशानेच हरवतात.

नावं शोधायची कुठे

कानावर फार विसंबू नका. सराईत पार्श्वगायक पात्राचा ढंग इतका उचलतो की बोलणारा आणि गाणारा एकच वाटावा, तेच तर त्याचं कसब. त्यामुळे आधी छापील पुरावा: तबकडीचं लेबल, कॅसेटच्या डबीतला छापील कागद (इनले), सीडीची पुस्तिका. नंतर चित्रपटाची श्रेयनामावली. तिथे एक लक्षात ठेवा. संवादांचे आवाज आधी येतात, गाणी आणि त्यांचे गायक पार शेवटी, बारीक अक्षरांत. ओटीटीवर नामावली सुरू झाली की पडदा आकसतो आणि पुढच्या चित्रपटाची जाहिरात लागते. ती बंद करून नामावली शेवटपर्यंत चालू द्या, मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावर बघा आणि थांबवून उतरवून घ्या.

नामावलीत नाव नसेल तर गायकाने स्वतः दिलेली मुलाखत हा पुढचा आधार. गाण्यांच्या माहितीच्या साइट्स शेवटी, कारण एकीवरची चूक दुसरी जशीच्या तशी उचलते आणि पाच ठिकाणी तेच दिसलं म्हणजे खरं, असं वाटायला लागतं. जुन्या कार्टूनमध्ये तर नामावलीही मदतीला येत नाही. १९३७च्या ‘स्नो व्हाइट’मध्ये नायिकेसाठी बोलली आणि गायली एड्रियाना कॅसेलॉटी, पण चित्रपटात तिचं नावच दिलेलं नव्हतं. अशा वेळी नाव जरूर भरा, आणि सोबत लिहा, ‘मूळ चित्रपटात श्रेय नाही’. हे चार शब्द लिहायचा कंटाळा करू नये. नाव आपण आज भरलंय हे पुढच्याला कळलं पाहिजे, नाहीतर तेव्हा सगळं रीतसर झालं होतं असा समज होतो.

साल बघणंही तितकंच गरजेचं. पात्र म्हातारं होत नाही, माणसं बदलतात. ‘मपेट्स’मधली बाहुली, कर्मिट बेडूक, १९९०पर्यंत जिम हेन्सनच्या हातात आणि गळ्यात होता. हेन्सन गेल्यावर स्टीव्ह व्हिटमायर, आणि २०१७पासून मॅट व्होगेल. आपल्या घराघरांत पोचलेला डोरेमॉनही तसाच. जपानीत १९७९ ते २००५ त्याचा आवाज नोबुयो ओयामा यांचा होता, नंतर वासाबी मिझुता यांचा. गाणं कोणत्या सालचं हे पक्कं झाल्याशिवाय कर्मिटच्या किंवा डोरेमॉनच्या पुढे नाव लिहू नका.

डोरेमॉनवरून आठवलं. कार्टूनचं शीर्षकगीत आणि पात्राचं गाणं वेगळं. डोरेमॉनचं १९७९चं जुनं शीर्षकगीत कुमिको ओसुगी यांनी गायलंय, ते डोरेमॉन गात नाही, त्याच्याविषयी आहे. तिथे पात्राचा रकाना लागूच होत नाही, सरळ गायिकेचं नाव लिहा आणि पुढे चला.

जपानी पद्धत मला का आवडते

अ‍ॅनिमेच्या गाण्यांत श्रेय द्यायची एक रूढ रीत आहे, आणि माझ्या मते जगात सगळ्यात नेटकी तीच. पात्राचं नाव, पुढे कंसात ‘सीव्ही’ आणि आवाज देणाऱ्याचं नाव. सीव्ही म्हणजे कॅरेक्टर व्हॉइस. ‘के-ऑन!’ या मालिकेतल्या युईचं गाणं असेल तर तिथे असं दिसतं:

हिरासावा युई (सीव्ही: तोयोसाकी आकी)

एका ओळीत दोघींना जागा मिळाली. गोष्टीत रमलेल्या पोरीला युई सापडते, आवाजाच्या मागे असलेल्याला आकी सापडते. आपण मराठीत हेच ‘आवाज’ किंवा ‘स्वर’ लिहून करू शकतो. बोलणारा आणि गाणारा एकच असेल तर ‘आवाज’, वेगळा असेल तर ‘स्वर’. मी स्वतः हा भेद कटाक्षाने पाळते.

कारण अ‍ॅनिमेतही गळा वेगळा असण्याची जुनी परंपरा आहे. ‘मॅक्रॉस’ मालिकांमध्ये गाणं हेच कथेचं शस्त्र असतं, त्यामुळे तिथे हा विचार खोलवर झालाय. १९९४च्या ‘मॅक्रॉस ७’मधला बासारा बोलतो नोबुतोशी कान्नाच्या आवाजात आणि गातो योशिकी फुकुयामाच्या. २००८च्या ‘मॅक्रॉस फ्रंटियर’मध्ये दोन गायिका पात्रं आहेत. रांका ली बोलते आणि गाते मेगुमी नाकाजिमाच्या आवाजात, म्हणून तिच्या गाण्यांवर ‘रांका ली = नाकाजिमा मेगुमी’ असं बरोबरच्या चिन्हाने लिहिलेलं असतं. शेरिल नोम बोलते आया एंडोच्या आवाजात, पण गाते मेइन. म्हणून तिच्या गाण्यांवर येतं ‘शेरिल नोम स्टारिंग मेइन’. एका मालिकेत दोन चिन्हं, आणि ती वाचूनच कळतं की कुठे एक माणूस आहे आणि कुठे दोन. अशी छापील खूण असेल तर ती बदलू नका, आपल्या पद्धतीत बसवायला जाऊ नका. बरोबरचं चिन्ह आहे तर बरोबरचंच ठेवा.

२०२२च्या ‘वन पीस फिल्म रेड’मध्ये उता बोलते काओरी नाझुकाच्या आवाजात आणि गाते आडो. तिथे उलट मांडणी केलीय. कलाकार म्हणून आडो, आणि पात्राचं नाव गाण्याच्या शीर्षकाला कंसात जोडलेलं. दोन्ही पद्धती मला मान्य, कारण दोन्हींत कुणी हरवत नाही.

माझी भाची सध्या २०२५च्या ‘केपॉप डीमन हंटर्स’ या अ‍ॅनिमेशनपटाची गाणी दिवसभर लावते. त्यातल्या ‘गोल्डन’ने अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिला नंबर गाठला, आणि कलाकार म्हणून हंटरिक्स या काल्पनिक त्रिकुटाच्या पुढे तिघी गायिकांची नावंही दिली गेली: ईजे, ऑड्री नूना, रे आमी. बोलताना रूमी म्हणजे आर्डन चो, मीरा म्हणजे मे हाँग, झोई म्हणजे जी-यंग यू. गाताना त्याच क्रमाने ईजे, ऑड्री नूना, रे आमी. १९६९ साली ‘शुगर, शुगर’ही असंच पहिल्या नंबरवर गेलं होतं, कार्टूनमधल्या आर्चीज या बँडच्या नावावर. तेव्हा मुख्य गायक रॉन डँटे याचं नाव ऐकणाऱ्यांपर्यंत पोचलंच नाही. या दोन लेबलांमधला फरक बघून मला मनापासून आनंद होतो. भाचीला तिघींची नावं तोंडपाठ आहेत.

हात्सुने मिकू आणि तिच्यासारखे

इथे नियम बदलतो. हात्सुने मिकू हे पात्र, आणि गाणारं सॉफ्टवेअरही. सापोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया कंपनीने यामाहाच्या व्होकलॉइड तंत्रावर ते ३१ ऑगस्ट २००७ला आणलं. त्यासाठी मूळ आवाज दिला साकी फुजिता हिने. पण मिकूच्या हजारो गाण्यांपैकी एखादं गाणं फुजिताने ‘गायलं’ असं म्हणता येणार नाही. तिने आवाजाचे तुकडे दिले, ते गाणं बांधलं संगीतकाराने. म्हणून गाण्याच्या पातळीवर संगीतकाराचं नाव आणि पुढे ‘फीचरिंग हात्सुने मिकू’. फुजिताचं नाव मिकू या पात्राच्या नोंदीत, ‘मूळ आवाज’ म्हणून, एकदाच. प्रत्येक गाण्यात गायिका म्हणून फुजिता भरलं तर तिने न केलेलं काम तिच्या नावावर जातं, आणि ज्याने रात्र रात्र बसून एकेक सूर लावला त्याचं जातं झाकलं. श्रेय जास्त देणं हीही चूकच.

फाइलमध्ये भरायचं कसं

टॅगमध्ये ‘आर्टिस्ट’ ही जागा दिसण्यासाठी असते. तिथे लेबलवर जसं छापलंय तसं लिहा. ‘अल्बम आर्टिस्ट’मध्ये अनेक गायकांचा साउंडट्रॅक असेल तर ‘विविध कलाकार’, नाहीतर एका चित्रपटाची गाणी यादीत दहा ठिकाणी विखुरतात. ‘कंपोझर’मध्ये संगीतकार, तिथे गायक कधीच नको. खरी कामाची जागा ‘परफॉर्मर’. फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या) फाइलमध्ये ही जागा हवी तितक्या वेळा भरता येते, म्हणून एकेका गायकाला एकेक ओळ द्या, पुढे कंसात ‘गायन’ आणि पात्राचं नाव. एमपी३ असेल आणि तुमच्या प्लेअरला परफॉर्मर दिसत नसेल तर तेच सगळं कॉमेंटमध्ये लिहा. दिसलं नाही तरी शोधात सापडतं.

ज्यांना हे नीट, कायमचं आणि सगळ्यांसाठी करायचंय त्यांनी म्युझिकब्रेन्झ या खुल्या कोशात खातं उघडावं. तिथे कलाकाराच्या नोंदीला प्रकार असतो: व्यक्ती, समूह, वाद्यवृंद, आणि ‘पात्र’. म्हणजे शेरिल नोमची नोंद वेगळी, मेइनची वेगळी, आया एंडोची वेगळी. पात्राच्या नोंदीला आवाज देणाऱ्याचा दुवा जोडता येतो आणि रेकॉर्डिंगला गायकाचा. छापील श्रेय जसं आहे तसं दाखवायची सोयही आहे: दोन नावांच्या मध्ये ‘सीव्ही’, बरोबरचं चिन्ह, कंस, जे छापलंय ते टाकता येतं. पिकार्ड नावाचं त्यांचंच मोफत सॉफ्टवेअर ही माहिती तुमच्या फाइलमध्ये उतरवून देतं. मराठी साउंडट्रॅकच्या नोंदी भरायला पुष्कळ हात हवेत, तेव्हा संग्रह घरात असेल तर या कामाला लागाच.

स्वतः गाणी काढत असाल तर

मुलांच्या गोष्टींचे ऑडिओ, यूट्यूबवरची मराठी कार्टून, शाळेच्या बालनाट्याची ध्वनिफीत, हे सगळं आता घरच्या घरी होतं. तिथे कावळा गातो, चिमणी गाते, आणि शेवटी लिहिलेलं असतं ‘कलाकार: आमची टीम’. असं करू नका. रेकॉर्डिंगच्या दिवशीच कागद फिरवा. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने नाव देवनागरीत लिहायचं, पुढे पात्र, पुढे ‘संवाद’, ‘गायन’ की ‘दोन्ही’. कोरसमधल्या मुलांचीही नावं घ्या. आठ वर्षांच्या पोराला आपलं नाव छापलेलं दिसलं तर ते आजीपासून रिक्षावाल्या काकांपर्यंत सगळ्यांना दाखवतं, आणि पुढच्या वेळी जीव ओतून गातं. आडनाव छापायचं की नाही ते मात्र आईवडिलांना विचारून ठरवा.

गाणं ऑनलाइन वाटणाऱ्या कंपनीच्या फॉर्ममध्ये मुख्य कलाकाराच्या जागी चॅनेलचं नाव टाकून मोकळं होण्याचा मोह होतो. गायकाचं नाव तिथे असलंच पाहिजे, पात्राचं हवं तर शीर्षकात घ्या. यूट्यूबच्या वर्णनात पहिल्या तीन ओळींत श्रेय द्या, कारण त्याखालचं ‘आणखी’ दाबून बघणारे थोडेच.

हा नुसता शिष्टाचार नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने कलम ३८ ब आलं. सादर करणाऱ्या कलाकाराला, आपलं सादरीकरण आपल्या नावाने ओळखलं जावं असा हक्क त्यात दिलाय. वापराच्या स्वरूपामुळे नाव देणं शक्यच नसेल तेवढा अपवाद. मानधन दिलं म्हणजे नावाचा प्रश्न संपला, असं समजणाऱ्या निर्मात्यांना मी हे कलम वाचायला देते.

एक जागा अशी आहे जिथे चौथा रकाना मुद्दाम रिकामा ठेवायचा. व्हर्च्युअल यूट्यूबर म्हणून गाणारे कलाकार पडद्यावर चित्ररूपातच येतात आणि मागचा माणूस कोण हे त्यांनी ठरवून लपवलेलं असतं. काही गायक टोपणनावानेच गातात. तिथे शोधून काढलेलं खरं नाव भरणं म्हणजे त्या माणसाच्या खासगी आयुष्यात घुसणं. त्यांनी स्वतः जे नाव लावलंय तेच लिहा, आणि कॉमेंटमध्ये नोंद ठेवा: ‘गायकाच्या इच्छेनुसार पात्राचंच नाव’. म्हणजे पुढे फाइल ज्याच्या हाती जाईल तो ती जागा चुकून राहिली असं समजून भरायला जाणार नाही.